बाराच्या आत

हॉटेलात तिला माघारी सगळे बाराबाई म्हणत, तोंडावर ताई. काउंटरच्या काचेखाली नियमांचा एक कागद होता आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम या ना त्या वाटेने दुपारच्या बारावर येऊन थांबायचा. तारीख मागेपुढे करायची असेल तर येण्याच्या दोन दिवस आधी, बाराच्या आत. खोलीत राहणाऱ्या माणसाचं नाव बदलायचं असेल तर त्याच दिवशी, बाराच्या आत. आणि मुक्काम एकदा सुरू झाला की दिवस कमी होणार नाहीत. तिथे बाराही नाहीत आणि तेराही नाहीत.

एकोणीस वर्षं ती त्या काचेमागे उभी होती. माणसं भांडली, रडली, मोठमोठ्या साहेबांची नावं सांगून गेली. एकाने सासू वारल्याचं सांगितलं. "फार वाईट झालं," ती म्हणाली, आणि इतक्या मायेने म्हणाली की तो बिचारा निम्मं रागवायचं विसरला. दिवस मात्र एकही कमी झाला नाही. हे हसणं, ही माया कामाची होती. काउंटरमागे उभं राहिलं की आपोआप चढायची आणि घरची वाट धरली की कामाच्या बुटांसारखी उतरायची.

नियमाचं हे वेड हॉटेलने लावलेलं नव्हतं. ते घरचं होतं. वडिलांचा एकच मंत्र, ठरलं ते ठरलं. तिची शाळा ठरली, नोकरी ठरली, लग्न ठरलं. नवरा परगावी कामाला गेला तो तिकडचाच झाला, तरी माहेरी कुणी म्हटलं नाही की पोरी, मोड ते आणि ये परत. धाकट्या बहिणीचं मात्र काहीच ठरलेलं टिकलं नाही. कॉलेज सहा महिन्यांत सोडलं. जमलेलं लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना मोडलं. तीन शहरं बदलली, नोकऱ्यांचा तर हिशेबच नको. आणि दर वेळी वडील म्हणायचे, "जाऊ दे, पोर आहे." थोरली सात वर्षांची असल्यापासून मोठी होती आणि धाकटी चाळिशीतही पोरच होती.

वडील गेल्यावर आई थोरलीकडे आली. अकरा वर्षं झाली. गुडघ्यांचं तेल, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, शेक, आणि दिवसभराचं कण्हणं. थोरलीने कधी कुरकूर केली नाही. एकच हवं होतं तिला. आईने एकदा, नुसतं एकदा, धाकटीसारखं आपल्याकडे बघून हसावं.

अशात धाकटीचा फोन आला. "ताई, आठ दिवस येतेय. तुझ्याच हॉटेलात खोली घेतलीय. तुझ्या दीड खोलीत तिघी कुठे मावणार? आईलाही माझ्याजवळच ठेवते. तुला पण जरा सुटका."

सुटका. हा शब्द थोरलीने दातांखाली धरला तो सुटेचना.

आणि मग तिने काचेमागून जे बघितलं ते कुणा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. घरात स्वयंपाकघरापर्यंत जायला भिंत धरणारी आई लिफ्टमधून ताठ उतरत होती. नाश्त्याला दोन दोन अंडी खात होती. धाकटी काहीबाही सांगायची आणि आई तोंडावर पदर धरून हसायची. दुपारी धाकटी वर खोलीत फोनवर कामं उरकायची, तेव्हा आई एकटीच खाली यायची आणि काउंटरसमोरच्या सोफ्यावर तास तास बसून राहायची. मला जळवायलाच बसते, थोरलीला वाटायचं. बघ म्हणावं, कशी मऊ गादी दिलीय माझ्या लेकीने.

शेजारी उभ्या असणाऱ्या सहकाऱ्याला सगळे टायराव म्हणत, कारण दर दहा मिनिटांनी त्याला टाय सारखा केल्याशिवाय चैन पडत नसे. काम तो हिच्याच हाताखाली शिकलेला. तो एकदा सहज म्हणाला, "तुमच्या आई भारी हसऱ्या आहेत हो ताई. तुम्ही कुणावर गेलात?"

"तुम्ही रजिस्टर बघा," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला धाकटी बॅग घेऊनच काउंटरवर आली. "ताई, मला निघावं लागतंय. कामावरून बोलावणं आलंय. उरलेले तीन दिवस कमी करून टाक ना."

थोरलीच्या छातीत काहीतरी गार, गोड उतरलं. चाळीस वर्षांत या पोरीला कुणी नाही म्हटलं नव्हतं. तो मान शेवटी घरच्याच माणसाला मिळायचा होता. तिने चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू आणलं.

"माफ करा, मुक्काम सुरू झाल्यावर दिवस कमी करता येत नाहीत."

"माफ करा काय? अगं, मी आहे."

"नियम सगळ्यांना सारखाच आहे."

टायरावने टाय सारखा केला आणि नजर रजिस्टरात खुपसली. थोरली वाट बघत होती. आता ही चिडेल, गयावया करेल, डोळ्यांत पाणी आणेल. मग आपण म्हणू, बघते काय करता येतं ते, आणि तरीही काही करायचं नाही.

धाकटीने कागद वाचला, खांदे उडवले. "बरोबर आहे तुझं. मग राहू दे की. रजिस्टरात आईचंही नाव आहे ना? आई राहील तीन दिवस." आणि मागे वळून सोफ्याकडे बघत तिने आवाज दिला, "आई, राहशील ना गं?"

"राहते की," आई म्हणाली.

नियमात बसत होतं. थोरलीने तिन्ही ओळी मनात पुन्हा पुन्हा वाचल्या, बसतच होतं. धाकटी आईच्या गळ्यात पडली, बहिणीच्या गालाला काउंटरवरूनच हात लावला आणि गेली. नेहमीसारखी. कुठलाही दरवाजा तिच्यावर कधी बंद झाला नव्हता, हाही झाला नाही.

पुढच्या तासाभरात थोरलीने तीन पाहुण्यांना चाव्या दिल्या, पण कुणाला कुठली दिली हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. धाकटीवरचा राग समजण्यासारखा होता. पण आता तर धाकटीही नव्हती. नुसती खोली होती, आणि आईला घरापेक्षा ती खोली बरी वाटत होती. माणसाने गादीवर जळावं, उशीवर जळावं, एवढी वेळ यावी? शेवटी चहाची सुट्टी सांगून ती काउंटरमागून बाहेर पडली आणि सोफ्यावर आईशेजारी जाऊन बसली.

"सामान आवर. दुपारी घरी सोडते."

"माझे तीन दिवस आहेत अजून. दिवस कमी होत नाहीत, तूच म्हणालीस."

"इथे एवढं काय सोनं लागलंय?"

आईने गुडघा चोळला. मग म्हणाली, "इथून तू दिसतेस."

"मी घरी दिसत नाही?"

"घरी तुझी पाठ दिसते. तेल गरम करताना, गोळ्या काढताना. इथे तोंड दिसतं. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून अशी हसतेस की मला वाटतं, ही कुणाची गं पोर? चार दिवस बघतेय. त्या टकल्या माणसाने बॅग हरवली म्हणून आरडाओरडा केला, तर त्यालाही हसून पाणी दिलंस. मला अकरा वर्षांत एकदा तसं दिलं असतंस तर गुडघे निम्मे दुखले असते."

"ते कामाचं असतं, आई."

"असेना. त्या टकल्याला तरी मिळालं."

आई त्या टकल्यावर जळत होती. खरोखर जळत होती, खालचा ओठ पुढे काढून, लहान पोरीसारखी.

"आणि तू?" थोरली म्हणाली. "ती आली की दात दिसतात तुझे. माझ्यासमोर नुसतं आई गं, मेले गं."

"ती पाहुणी आहे. कधी उठून जाईल नेम नाही. पाहुण्यासमोर माणूस हसतं, घरच्यासमोर कण्हतं. कण्हायला कुणीतरी हक्काचं लागतं की नाही?"

हे ऐकून जे वाटलं ते सुख म्हणावं की दुखणं, हे तिला पटकन ठरवता आलं नाही. एवढी वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते हे नव्हतं. पण जे हातात आलं होतं ते खोटं नव्हतं.

ती उठली आणि काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, पाहुणे उभे राहतात तिथे जाऊन उभी राहिली. रजा तिच्या नावावर ढिगाने पडून होती.

"टायराव, चारशे सातमध्ये नावाचा बदल. बहिणीच्या जागी मी. आणि तीन दिवस रजा."

टायरावने आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या डोक्यामागच्या घड्याळाकडे. बारा वाजून सात मिनिटं झाली होती.

"रजेचं साहेबांना सांगतो ताई. पण नावाचा अर्ज बाराच्या आत लागतो. आता उद्या."

"अहो, मी आहे."

"माफ करा," टायराव म्हणाला आणि हसला. थेट तिच्याच हसण्याची नक्कल, इतकी बेमालूम की तिला त्याच्यावर हात उगारावासा वाटला. "नियम सगळ्यांना सारखाच आहे."

मागून एक विचित्र आवाज आला. घोगरा, फुटका, मध्येच खोकल्यात अडकणारा. आई हसत होती. पदर तोंडावर धरायचंही भान राहिलं नव्हतं, चार उरलेले दात उघडे टाकून, गुडघ्यावर थापा मारत हसत होती. ते पाहुण्यांसमोरचं हसू नव्हतं. फार ओबडधोबड होतं. थोरली काउंटरला टेकून ते बघत राहिली आणि तिचंही तोंड हळूहळू सैल व्हायला लागलं.

आईने डोळे पुसले आणि पिशवीतून फोन बाहेर काढला.

"आता कुणाला लावतेस?"

"धाकटीला. हे तिला सांगायलाच हवं. हसून हसून मरेल पोर."

थोरलीचं तोंड जिथे सैल झालं होतं तिथेच परत आवळलं. पण ती जागची हलली नाही. आई काय सांगते, आणि आपलं नाव नेमकं कसं घेते, ते तिला ऐकायचं होतं.