मेलेल्या लाईनवर दोन रिंगा

या धाग्यावर मी दोन वर्षं नुसती वाचक आहे. खरं सांगायचं तर वाचक कमी आणि हसणारी जास्त. चकवा, पांढरी साडी, पिंपळाखालचा म्हातारा... माफ करा मंडळी, पण यातलं काही मला पटत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही पटेल असं वाटत नाही. माझं पोट कॉम्प्युटरवर. काहीही घडलं तरी त्याचं कारण कुठल्या ना कुठल्या फाईलमध्ये सापडतं, ही माझी पक्की समजूत. अडचण एवढीच, की माझ्याकडे एक फाईल अशी आहे जिचं कारण मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही.

साल २००४, मे महिना. मी पुण्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते, दुसरं वर्ष संपवून सुट्टीला घरी आले होते. घर वेल्हे तालुक्यात, मार्गासनीच्या फाट्यापासून अडीच किलोमीटर आत, वस्तीवर. वडील, म्हणजे आबा, मोटर वायंडिंगचं काम करायचे. शेतावरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की आमच्या अंगणात येऊन पडायच्या. विहारातला अँप्लिफायर बिघडला तरी तोही आबांकडेच यायचा. मोटर तपासायची त्यांची एक पद्धत होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं. मी लहानपणी विचारायचे, काय म्हणते? "बेरिंग गेलंय म्हणतीया," असं अगदी गंभीरपणे सांगायचे.

आता महत्त्वाची गोष्ट. आबांना शुगर होती. गोळी घ्यायचे आणि कामाच्या नादात जेवायचं विसरायचे. आदल्या वर्षात दोनदा रस्त्यातच घाम फुटून, डोळ्यांपुढं अंधारी येऊन खाली बसले होते. दोन्ही वेळा कुणीतरी भेटलं म्हणून निभावलं. त्यानंतर आईनं घरात कायदा केला, की फाट्यापासून घरापर्यंत एकट्यानं चालायचं नाही. तांब्याची तार आणायला नसरापूरला गेलं, की परतीच्या एसटीत बसण्याआधी बूथवरून घरी फोन लावायचा, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. एक रिंग म्हणजे पोचलो, काळजी नको. दोन रिंगा म्हणजे फाट्यावर घ्यायला या. फोन उचलायचा कुणीच नाही. त्या काळात हे कोड तुमच्याही घरात असणार. आमच्याकडे त्यावर आबांचा जीव टांगलेला होता.

आणि नेमका त्याच मे महिन्यात फोन मेला. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती. लाईनमन येऊन बघून गेला, म्हणाला पंधरा दिवस तरी लागतील. मग तात्पुरतं असं ठरलं, की आबांनी नसरापूरला गेलं की संध्याकाळी सहाच्याच गाडीनं यायचं आणि मी सहाला लूना घेऊन फाट्यावर उभं राहायचं.

इकडे माझं वेगळंच युद्ध चाललं होतं. पुण्यातला एक सायबर कॅफे बंद पडला, तिथला एक पीसी मी स्वस्तात उचलला होता. गोधडीत गुंडाळून एसटीनं घरी आणला, मॉनिटर मांडीवर घेऊन. त्यावर विंडोज नव्हतंच, मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून मी लिनक्स टाकलं. आजच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही, पण तेव्हा लिनक्स टाकणं म्हणजे नवीन घरात राहायला जायचं आणि मग एकेका खोलीची किल्ली शोधत हिंडायचं. माऊसचं चाक फिरेना. साऊंड कार्डातून आवाज येईना. तो चार दिवसांनी आला तेव्हा मी आईला हात धरून नाचवलं होतं. आई म्हणाली, "बाई, एवढी तर दहावी पास झाल्यावर न्हाई नाचलीस."

राहिला मोडेम, म्हणजे फोनच्या लाईनवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणारं यंत्र. तो होता आतल्या कार्डाचा, स्वस्तातला, अर्धं काम स्वतः करणारा आणि अर्धं विंडोजच्या गळ्यात टाकणारा. लिनक्स त्याला ओळखच देत नव्हतं. पुण्याहून येताना मी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, चार फ्लॉपींवर उतरवून आणला होता, पायऱ्या वहीत हातानं लिहून घेतल्या होत्या. वस्तीवर वीज अकरा ते तीन. त्या चार तासांत बसायचं, ड्रायव्हर कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला चालेल असा बांधायचा, आलेली एरर वहीत उतरवायची, कपाळावर हात मारायचा, की गेली वीज. असे आठ दिवस. फोनच मेलेला असताना मोडेम चालवून करणार काय होते? काही नाही. पण ते कार्ड माझ्यासमोर मक्ख बसलं होतं आणि मला ते सहन होत नव्हतं. ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल.

आई रोज म्हणायची, "त्या डबड्याला फोन जोडण्यापरास हितला फोन चालू व्हतोय का त्ये बघ."

नवव्या दिवशी सकाळी मी वहीत उतरवलेल्या एरर चाळत बसले होते, तेव्हा आबा नसरापूरला निघता निघता माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काय म्हणतंय?"

"काही म्हणत नाही. नुसतं बिझी दाखवतंय."

"मग म्हणतंया की. तू ऐकत न्हाईस, नुसती बडवतीयास. कशाला बिझी हाय?"

मी चिडून वहीतले मेसेज पहिल्यांदा नीट, ओळ न् ओळ वाचले. आणि मला दिसलं. साऊंड कार्ड आणि मोडेम, दोघांना एकच इंटरप्ट मिळाला होता. म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची घंटी एकच आणि ओढणारे दोघे. मी आबांना हे असंच सांगितलं.

"एका दाराशी दोगं भांडत असतील तर एकाला मागल्या दारी घाल," असं म्हणून त्यांनी त्यांचा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि पिशवी घेऊन गेले.

अकराला वीज येताच मी ड्रायव्हर पुन्हा पहिल्यापासून कंपाइल करायला घेतला. त्यात दोन तास मोडले. मग मशीन बंद केलं, कॅबिनेट उघडलं, मोडेमचं कार्ड काढून शेवटच्या खाचेत बसवलं. चालू केलं. ड्रायव्हर चढवला... आणि एरर आली नाही. मी तीनदा वाचलं. एरर नव्हती. मग मिनिकॉम नावाचा प्रोग्रॅम उघडला. त्यात मोडेमशी सरळ बोलता येतं आणि जे बोलणं होईल ते एका फाईलमध्ये लिहून ठेवता येतं. ते लिहिणं चालू केलं आणि ए-टी अशी दोन अक्षरं टाईप केली. म्हणजे, बाबा, आहेस का?

खाली उत्तर उमटलं. ओके.

मंडळी, माझ्या लग्नाच्या दिवशी मला एवढा आनंद झाला नव्हता, आणि हे नवऱ्याला माहीत आहे. मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन चकरा मारल्या. मग परत बसून कॉलेजचा नंबर फिरवायचा हुकूम दिला. डायलटोन नाही, असं मोडेमनं सांगितलं. बरोबरच होतं, लाईन मेलेली. तेवढंसुद्धा त्यानं स्वतः ओळखून सांगितलं याचंच मला केवढं कौतुक. मी स्क्रीनकडे बघत बोटं मोडत बसले होते.

आणि पुढच्या ओळीवर, मी कीबोर्डला हात लावलेला नसताना, शब्द उमटला. रिंग.

पाच-सहा सेकंदांनी त्याखाली दुसरा. रिंग.

मग काही नाही. बाहेरच्या खोलीतला फोन वाजला नव्हता.

मला भीतीबिती अजिबात वाटली नाही. मी आनंदानं ओरडलेच, "आई, मोडेमनं रिंग पकडली." आई पिठाचे हात घेऊन दारात आली.

"लाईन आली व्हय?"

मी पळत जाऊन फोन उचलून बघितला. शुकशुकाट. "नाही गं, लाईन मेलेलीच आहे. मोडेमवर आली. टेस्टिंग असेल त्यांचं काहीतरी."

"किती वाजल्या?"

"दोन."

आईनं हात पदराला पुसले. "मग बसलीस काय? जा की फाट्यावर."

मी तिला समजावलं. आबा सहाच्या गाडीनं येणार आहेत, आत्ता सव्वादोन होतायत, लाईन तुटलेली आहे, तुटलेल्या वायरीतून आबा फोन कसा करतील, हा नवीन ड्रायव्हर आहे, काहीही दाखवेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खुंटीवरची लूनाची किल्ली काढून माझ्यापुढं धरली.

"दोन म्हंजी दोन. जा."

मी करवादत निघाले. खोटं कशाला सांगू, मी आबांसाठी निघालेच नव्हते. वीज तीनला जाणार होती आणि माझी पाऊण तासाची मजा आई वाया घालवत होती, याचाच राग होता. वैशाखातलं ऊन, डांबर पाघळलेलं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. लूनावर बसून मी मोडेमचाच विचार करत होते.

फाट्यावर सगळी दुकानं जेवणासाठी बंद. शेडमध्ये कुणी नव्हतं. मी तशीच वळणार होते. तेवढ्यात शेडच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या अरुंद सावलीत, मला तांब्याच्या तारेचं भेंडोळं दिसलं.

आबा भिंतीला टेकून बसलेले, मान छातीवर पडलेली. शर्ट घामानं चिंब. मी हाक मारली तर डोळे उघडले, पण ओळखलं नाही. मला म्हणाले, "वहिनी, मोटार झाली न्हाई अजून."

मी लूनाकडे पळाले. लूनाला अडकवलेल्या पिशवीत आईनं कायमची साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली ठेवलेली असायची. मी ती चिमटी-चिमटीनं त्यांच्या ओठांच्या आत चोळत राहिले आणि मोठ्यानं त्यांच्याशी बोलत राहिले. काय बोलत होते आठवत नाही, बहुतेक मोडेमबद्दलच. जरा गिळायला लागल्यावर बाटलीतल्या पाण्यात उरलेली साखर ढवळून घोट घोट पाजली. दहा मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"संगे, तू कशी काय हितं?"

तेव्हा मात्र मी रडले.

नसरापूरला जीव घाबरा झाला म्हणून ते लवकरच्या गाडीत बसले होते. उतरले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली, म्हणून सावलीला गेले. त्यापुढचं त्यांना काही माहीत नाही. मग जीपनं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा-पाऊण तास असेच राहिले असते तर मी काही सांगू शकलो नसतो. आणि मी तर सहाला जाणार होते.

मी तिथेच विचारलं, "आबा, तुम्ही रिंगा दिल्या होत्या ना?"

"न्हाई बा. बूथपाशी गेलो व्हतो, सवयीनं. पर म्हणलं, फोन बंद हाय, कुणाला देऊ? तसाच गाडीत बसलो."

आता माझी फाईल. आम्ही घरी आलो तेव्हा वीज गेलेली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी अकराला मी तिची वेळ बघितली. शेवटची ओळ लिहिली गेली दोन वाजून बारा मिनिटांनी. फाट्यावरचा दुकानदार सांगत होता, त्या दिवशीची दोनची गाडी दहा मिनिटं उशिरा आली. तो शटर ओढतच होता. म्हणजे आबा नसरापूरच्या बूथपाशी होते तेव्हा नाही, तर फाट्यावर अंधारी येऊन खाली बसले, त्या सुमाराला.

यावर तुम्ही म्हणाल, नवा ड्रायव्हर, खोट्या रिंगा दाखवल्या असतील. मीही हेच म्हणत होते. मग केबल तपासायला कॅबिनेटच्या मागे वाकले, तर मोडेमच्या वायरचं टोक खिडकीच्या गजावर लटकत होतं. आईला विचारलं, तर तिनं आदल्या दिवशी सकाळीच, वीज यायच्या आधी, ती वायर भिंतीतून काढून तिथं आपला फोन लावला होता, लाईन आली का बघायला. म्हणजे मोडेम मेलेल्या लाईनलासुद्धा जोडलेला नव्हता. तो कशालाच जोडलेला नव्हता.

उरलेल्या सुट्टीत मी ते मशीन रोज चालू ठेवलं, वायर तशीच मोकळी. शेजारी आबांच्या मोटारी चालू-बंद केल्या, मिक्सर लावला, कार्ड जुन्या खाचेत घालून बघितलं, परत नव्या खाचेत. एकही रिंग आली नाही. कॉलेजमधल्या सरांना फाईल दाखवली. ते म्हणाले, नॉईज. मी विचारलं, मग नॉईजनं दोनच का दिल्या? ते म्हणाले, योगायोग. असेलही.

आबा आज पंच्याहत्तरीचे आहेत, आणि मी हे लिहितेय ते त्यांना माहीत आहे. त्यांचं म्हणणं, "जागा बदल म्हणून म्या सांगितलं, तवा माजा जीव म्याच वाचवला." आईला यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटत नाही. दोन रिंगा आल्या, पोरीला पाठवलं, एवढंच.

ती फाईल फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर, असं करत करत मी आजवर जपली आहे. सहा ओळींची आहे. मी अजून भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, आणि मला कारणही सापडलेलं नाही. पण एक गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. आदल्या दिवशीपर्यंत तो मोडेम मुका होता. मी आणखी एक दिवस मेसेज न वाचता बडवत बसले असते, तरी त्या रिंगा आल्याच असत्या, असं मला वाटतं. फक्त त्या आम्हाला कुणाला कळल्या नसत्या.