अमेरिकेतलं पाणी

मोखाड्याच्या पाड्यांवर मी संघटनेचं काम करते. एका मे महिन्यात सूर्यमाळजवळच्या पाड्यावर टँकर येईना, म्हणून जव्हारच्या सरकारी कचेरीवर मोर्चा ठरवला. पण यायला एक बाई तयार होईना. सगळा दिवस झऱ्याशी बसून वाटीवाटीने पाणी उपसायचं, मोर्चाला गेलं तर ते कोण भरणार? प्रश्न रास्त होता, त्यामुळे मला जास्तच राग आला.

मग मी डोकं चालवलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्यावरचा एक माहितीपट माझ्याकडे होता. शाळेच्या खिडक्यांना गोधड्या बांधून भर दुपारी अंधार केला आणि प्रोजेक्टरने माहितीपट भिंतीवर लावला. इंग्रजी भाषणांचं मराठी मी करत होते, तेही हातवारे करून. अर्ध्या बाया पेंगल्या.

तेवढ्यात भिंतीवर पोलिसांनी मोर्चावर आगीच्या बंबातून पाण्याचा फवारा सोडला. माणसं कोलमडू लागली. पेंगलेल्या बायासुद्धा सरसावून बसल्या. मला वाटलं, जिंकलं.

"किती ते पानी," एक म्हातारी हळूच म्हणाली.

मी चिडून म्हटलं, माणसं पडताहेत ती बघा.

"पडली ती उठली ना, बाय. पानी कुठं गेलं, तेवढं दाखव."

तेवढाच भाग पुन्हापुन्हा दाखवावा लागला. पण मोर्चाला अख्खा पाडा तयार झाला. सकाळी जीपपाशी बघते तर प्रत्येकीकडे रिकामा हंडा, एकीजवळ तर लग्नाच्या जेवणाचं पातेलं. पोलीस पाणी सोडतील तेव्हा भरून घ्यायचं, असा सरळ बेत. आपले पोलीस फक्त काठ्या आणतात, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

जव्हारला आमच्या हंडा मोर्चाचं भारी कौतुक झालं, फोटो निघाले. साहेबांनी टँकरचं आश्वासन दिलं. तरी बाया जागच्या हलेनात. म्हातारीने बंदोबस्तावरच्या पोलिसापुढे हंडा धरला आणि पाणी कधी सोडता म्हणून विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे. शेवटी तो बिचारा कचेरीमागच्या नळावर गेला आणि हंडा भरून घेऊन आला.

टँकर त्या उन्हाळ्यात आलाच नाही. मोर्चातून पाड्यावर पोचलं ते एवढंच पाणी. जीपच्या धक्क्यांत म्हातारीने ते सांडू दिलं नाही, आणि उतरल्यावर पहिला पेला माझ्या हातात दिला.