चुन्याची डबी आणि मरळीचा मेंदू

निरोप आणला तो जव्हारहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने. मोखाड्याच्या वाचनालयात मी पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसलो होतो. तो दारातूनच म्हणाला, "सायब, जामसरचे भोये सर गेले. पहाटं. वहिनींनी तुमाला सांगाया सांगितलाय." हातातलं कव्हर मी पुरतं घातलं, कोपरे दुमडले आणि मग उठलो. असं का केलं ते अजून सांगता येत नाही... त्याला आता दीड महिना झाला.

भोये सर जव्हारच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी तिथे ग्रंथपाल होतो. जामसरच्या शेतकरी घरातला, भाताच्या खाचरातले मासे हातांनी धरत वाढलेला हा माणूस पुढे माशांच्या मेंदूच्या नादी लागला. प्रयोगासाठी डहाणूकडून फॉर्मालिनमध्ये घातलेली मुशी, म्हणजे कूर्चेच्या सांगाड्याचा छोटा शार्क, यायची, पण सरांचा जीव खाचरातल्या मरळीत. आठवडी बाजारात मासे विकणारी जनीबाई त्यांच्यासाठी मरळीची मुंडकी बाजूला काढून ठेवायची. "गुरजी, नुसती मुंडकीच नेता तुमी. धड कोन खातो मंग?" ती विचारायची. सर म्हणायचे, "सगळी गंमत मुंडक्यातच असते, जनीबाई." "आमच्या म्हाताऱ्याला येऊन सांगा त्ये. त्याच्या मुंडक्यात काय बी नाय!" आणि आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मुंडकी चार-सहा दिवस फॉर्मालिनमध्ये राहायची. मग सर मुलांना गोळा करून सांगायचे, हाड कापायचं नाही, खरवडायचं. अर्ध्या-पाऊण तासाने काचेच्या बशीत अख्खा मेंदू उतरायचा, भिजलेल्या वालाच्या दाण्याएवढा, कुठेही न फाटलेला. वर्ग संपल्यावरही ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसायचे.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर फिरायला लागला. बोलताना, बसलेले असताना, एसटीची वाट बघताना... सारखा. आमच्याकडे या हालचालीचा एकच अर्थ. सरांनी तंबाखू धरली, असं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं. जनीबाईने तर पत्र्याची नवी चुन्याची डबीच पुढे केली. "मळता तं चोरून कशापायी? चुना नको का?" सरांनी हसून ती घेतली, नाही म्हणाले नाहीत. मीही चेष्टा केली, "सर, या वयात हे काय?" त्यांनी हात खिशात घातला.

असं वर्ष-दीड वर्ष गेल्यावर त्यांनी माझ्याकडे एका इंग्रजी लेखाची झेरॉक्स दिली. "आश्रमशाळेतल्या मुलांसाठी मराठी करून द्या," म्हणाले. पंधरा दिवस शब्दकोश घेऊन बसलो. लेख माशांच्या मेंदूतल्या डोपामिनबद्दल होता. डोपामिन म्हणजे एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणारं रसायन. आमिष दिसलं की वळायचं, हालचाल सुरू करायची, ते त्याच्या जोरावर. हे रसायन फार जुनं, आपले पूर्वज पाण्यात होते तेव्हापासूनचं. पण ते बनवणाऱ्या पेशींच्या जागा सगळीकडे सारख्या राहिल्या नाहीत. आपल्या मध्यमेंदूत त्या आहेत, मुशीच्याही आहेत. मरळीसारख्या हाडाच्या माशांत मात्र त्या जागी त्या सापडत नाहीत, बहुधा वाटेत कुठेतरी गळून गेल्या असाव्यात. त्यांचं काम थोड्या पुढच्या भागातल्या पेशी करतात. हे सगळं मी कौतुकाने उतरवत होतो. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आलं: माणसाच्या मध्यमेंदूतल्या या पेशी मरू लागल्या, की स्वस्थ बसलेल्या माणसाचा हात गोळी वळल्यासारखा हलत राहतो.

मी पेन खाली ठेवलं. नंतर ते वाक्य गाळून भाषांतर पुरं केलं आणि सुवाच्य अक्षरात लिहून सरांना दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "छान झालंय," एवढंच म्हणाले.

मी सहा महिने गप्प राहिलो. एकदा प्रयोगशाळेत त्यांना पुस्तक द्यायला गेलो तेव्हा मुलं मरळीच्या मुंडक्याभोवती उभी होती. सरांचा हात टेबलावर थरथरत होता, मुलं एकमेकांकडे पाहत होती. त्यांनी पातं उचललं, हाडाला टेकवलं, आणि हात स्थिर झाला. मेंदू बशीत अख्खा उतरला. मुलं गेल्यावर माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ग्रंथपाल, एक वाक्य गाळलंत."

"सर, मला वाटलं..."

"इंग्रजी मला येतं हो. मुंबईच्या डॉक्टरने कंपवात आहे म्हणून सांगितल्याला तेव्हाच वर्ष झालं होतं. घरी सांगायला तोंड उघडेना. म्हटलं, निदान एक माणूस वाचेल आणि विचारेल."

त्या दुपारच्या एसटीने मी त्यांच्याबरोबर जामसरला गेलो. सुमनवहिनी अंगणात नाचणी पाखडत होत्या. सरांनी दोन वाक्यांत सांगितलं. वहिनींनी सूप खाली ठेवलं. "लोक म्हणायचे तंबाखू. मी रोज शर्टाचे खिसे हुंगायचे," त्या म्हणाल्या. "वास कधी आलाच नाही... तेव्हापासूनच भीत होते." मग उठून आम्हा दोघांना चहा दिला, सरांचा कप अर्धाच भरून.

पुढे पातं सुटलं, नोकरी संपली. मी गेलो की आम्ही खाचराच्या बांधावर बसायचो. गढूळ पाण्यात एखादी मरळ झपकन वळायची. "हिच्याकडे त्या जागी त्या पेशीच नाहीत," सर म्हणायचे, "आणि वळते बघा कशी!" त्यांच्या आवाजात हेवा नसायचा. आपलंच कुणी पुढे गेल्यासारखं कौतुक असायचं.

दिवस झाल्यावर वहिनींनी मला दोन वस्तू दिल्या. एक माझं भाषांतर. त्यात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, ओळींच्या मधे, मुंगीएवढ्या थरथरत्या अक्षरात गाळलेलं वाक्य सरांनी भरलं होतं. परवा मी सगळं पुन्हा स्वच्छ लिहून काढलं, ते वाक्य त्याच्या जागी ठेवून, आणि आश्रमशाळेत देऊन आलो.

दुसरी वस्तू ती पत्र्याची डबी. ती वाचनालयात माझ्या टेबलावर असते. येणारा हमखास विचारतो, "सर, तुम्हीही मळता वाटतं?" आता मी हसण्यावारी नेत नाही. डबी उघडतो आणि त्याच्या तळहातावर उपडी करतो. आत चुना नसतो, सरांनी साठवलेले मरळीच्या कानातले पांढरे खडे असतात, तांदळाच्या कणीएवढे... आणि मग त्याला बसायला सांगतो.