मुर्रीचे दोन तुरकर

खुशाल तुरकरचं बिछायत केंद्र गोंदियाजवळच्या मुर्रीत अगदी रस्त्याला लागून आहे. लग्न असो, तेरवी असो की नामकरण, गाद्या, मोठाले गंज, कढया आणि मंडपाचं कापड त्याच्याकडूनच जातं. दुसऱ्याच्या घरच्या कार्यात काही कमी पडू द्यायचं नाही, ही त्याची ख्याती. पाहुणे वाढले तर न सांगता चार गाद्या जास्तीच्या पाठवणारा माणूस. स्वभावानं दिलदार, असंच कुणीही सांगितलं असतं.

फक्त एक गोष्ट त्याला सोसत नसे. कैलाशचं बरं झालेलं.

कैलाश तुरकर त्याचा चुलतभाऊ. दोघांचे आजोबा एकच, केशोराव. घरं एकाच गल्लीत, जन्म एकाच वर्षाचा, खुशाल काही महिन्यांनी मोठा. लहानपणी दोघांना कापडाच्या एकाच थानातले सदरे शिवत, आणि तेव्हाही खुशालला वाटायचं की कैलाशच्या सदऱ्याचा रंग जरा उजळ आहे. पुढे दोघांनी एकाच उन्हाळ्यात बोअर मारली. कैलाशच्या धानाच्या बांधीत पाणी लागलं, खुशालच्या बांधीतून नुसती धूळ निघाली. नशिबाचा खेळ, असं खुशाल चारचौघांत म्हणाला. पण त्यानंतर तो आपल्या शेतावर लांबच्या वाटेनं जाऊ लागला. कैलाशच्या बोअरवरून जायला नको म्हणून.

मग दोघांची मुलं एकाच वर्षी बारावीला आली. खुशालची गुंजन आणि कैलाशचा रोशन. दोघंही सायन्सला, दोघांनाही इंजिनिअरिंगला जायचं. सीईटीचा निकाल लागला त्या दुपारी खुशाल गोदामात भाड्यावरून परत आलेल्या गाद्या मोजत होता. गुंजनचा फोन आला.

"बाबा, एकोणनव्वद पर्सेंटाईल आले."

"बरं. रोशनले किती?"

 गुंजन म्हणाली, "शहाण्णव."

खुशालनं मोजायला घेतलेल्या गाद्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

त्या दिवसापासून घरात एक वेगळाच पाहुणा राहायला आला, तो म्हणजे रोशनचा शहाण्णव. जेवायला बसलं की तो पानाशेजारी बसे. कटऑफ पाहायला मोबाईल उघडला की तो आधी दिसे. रुख्मा, खुशालची बायको, पोरीच्या काळजीनं अर्धी झाली होती. गुंजन मोबाईलवर कॉलेजांचे प्राधान्यक्रम वरखाली करत बसे आणि रुख्मा तिच्याजवळ नुसतीच तांदूळ निवडत बसे. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण उठून जाववत नव्हतं.

"रोशन सकाळी किती वाजता उठत होता गं?" एक दिवस खुशालनं विचारलं.

"मले काय माहीत, बाबा."

"तुह्या वर्गात होता ना?"

"वर्गात होता. घरात नाही."

रुख्मा म्हणाली, "आता झाल्यावर कायले विचारून राहिले? पोट्टी दोन दिवसांपासून नीट जेवली नाही, ते दिसते का तुम्हाले?"

खुशालला दिसत होतं. पण त्याला गल्लीतलं कैलाशचं घरही दिसत होतं.

अशात कैलाश एका संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. गेल्या कित्येक वर्षांत तो सणावाराशिवाय आला नव्हता. खाटेवर टेकला, पाणी प्यायला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"रोशनच्या जात पडताळणीत त्रुटी निघाली. आपल्या आजोबाचा जुना पुरावा मागून राहिले. गुंजनची व्हॅलिडिटी झाली आहे, तर रक्ताचा नातेवाईक म्हणून तू शपथपत्र दे आणि मूळ कागद घेऊन समितीत चल. तेवढ्यानं होऊन जाते म्हणते तिथला बाबू."

खुशालला ते ऐकून गोड वाटलं.

कारण त्याला आठवलं. गुंजन अकरावीत असताना त्यानं ह्याच पुराव्यासाठी सगळा उन्हाळा तिरोडा तालुक्यातल्या एका जुन्या शाळेच्या फेऱ्या मारण्यात घालवला होता. आजोबा त्या गावी मामाकडे राहून शिकले होते. कधी मुख्याध्यापक सुटीवर, कधी कपाटाची किल्ली हरवलेली. शेवटी वाळवी लागलेल्या दाखल-खारीज रजिस्टरात केशोराव तुरकर हे नाव सापडलं, तेव्हा खुशालनं त्या पानाला हात जोडले होते. आणि तेव्हा कैलाश पानठेल्यावर सगळ्यांसमोर हसून म्हणाला होता, "कायले आत्तापासून धावून राहिला बे? वेळेवर होते सगळं."

आता तेच रजिस्टर तालुक्याला जमा झालं होतं आणि कैलाशला दोन चकरा मारूनही ते पाहायला मिळालं नव्हतं.

"देतो ना," खुशाल म्हणाला. "फाईल पाहा लागन. गोदामात पेटीत ठेवली असन."

फाईल घरातच होती. लोखंडी कपाटात, रुख्माच्या लुगड्यांखाली. खुशालला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कैलाश पुन्हा आला. "सापडली का?"

"पेटी सापडून नाही राहिली. सामान खूप झालं."

"मी येऊ का शोधाले?"

"तुले काय समजते त्यातलं. मी पाहतो."

मग कैलाश रोजच येऊ लागला. कधी सकाळी, कधी शेतावरून परतताना चिखलाच्या पायांनी. ओसरीच्या कडेला उभा राही आणि खालच्या आवाजात विचारी. आणि खुशालला त्याची वाट पाहायची सवय लागली. दुपार झाली की त्याचं लक्ष रस्त्याकडे लागे. बोअरचं पाणी, पोराचा शहाण्णव, पानठेल्यावरचं हसू, सगळं घेऊन हा माणूस आपल्या दारात उभा आहे, आपल्या हो-नाहीवर अडकला आहे. आपण द्यायला नकार दिलेला नाही, नुसतं सापडत नाही, असं तो स्वतःला सांगे. हे स्वतःला सांगण्याची गरज रोज थोडी वाढत होती.

कैलाशची बायको रेणू एकदा रुख्माकडे आली. "ताई, भाऊजीले आठवण द्या न जरा. तारीख गेली तर रोशन ओपनमध्ये जाईन. कटऑफ पाहिला तर पुण्याचं कॉलेज मिळून राहिलं आहे त्याले, ते हातचं जाईन."

रुख्मा हो म्हणाली. रेणू गेल्यावर तिनं खुशालकडे पाहिलं. "कोणत्या पेटीत आहे जी ते?"

"तुले काय करायचं?"

"मले काही नाही करायचं. मी आपली विचारून राहिली."

ती उठून चुलीकडे गेली. खुशालला बोलणी खायला चाललं असतं. तिचं हे गप्प बसणं त्याला काट्यासारखं लागलं.

पहिल्या फेरीचं वाटप लागलं. रोशनचं पुणे व्हॅलिडिटीसाठी अडून राहिलं. गुंजनला नागपूरचं कॉलेज मिळालं, इलेक्ट्रिकल शाखा. रुख्मा देवापुढे जाऊन बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. खुशालनं गोंदियातून पेढे आणले आणि पहिला डबा घेऊन तो निघाला, तो थेट कैलाशच्या घरी. लोकांना वाटलं असेल, भावाकडे आधी गेला. त्याला मात्र ठाऊक होतं आपण कशाला चाललोय. त्याला कैलाशचा चेहरा पाहायचा होता.

दारातच आतला आवाज ऐकू आला. कैलाश पोरावर ओरडत होता.

"त्या गुंजनकडे पाह्य जरा. वर्षभरापासून कागद तयार आहेत तिचे. तिच्या बापानं रक्त आटवलं, अन् पोरीनं बापाचं ऐकलं. तू शहाण्णव घेऊन काय चाटतं आता? तिचं ठरलं, अन् तू बस घरी."

"मी काय करू, बाबा? व्हॅलिडिटीचं तुम्हीच म्हटलं होतं, होते वेळेवर."

मग एक चापट वाजली.

खुशाल डबा घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. कैलाशनं त्याला पाहिलं आणि गडबडीनं खुर्ची पुढे केली. रेणूनं डोळ्याला पदर लावला. रोशन गालावर हात ठेवून उभा होता. डोळे खोल गेलेले, दाढीची चार खुंटं वाढलेली. त्यानं खुशालला पाहिलं, जवळ येऊन पायाला हात लावला.

"मोठे बाबा, गुंजनले अभिनंदन सांगा. इलेक्ट्रिकलच पाहिजे होती तिले."

खुशालला हेही माहीत नव्हतं. गेले कित्येक दिवस त्यानं पोरीला रोशनबद्दलच विचारलं होतं. तिला कोणती शाखा हवी, हे एकदाही विचारलं नव्हतं.

ज्या चेहऱ्यासाठी आला होता तो चेहरा समोर होता. कैलाश पार वाकला होता. आणि तरी खुशालच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हेच, की हा माझं नाव घेऊन पोराला मारतो, म्हणजे हाही इतके दिवस माझ्यावर जळत होता. क्षणभर त्याला फार बरं वाटलं. मग पुन्हा त्या पोराच्या गालाकडे लक्ष गेलं. गालावर बोटं उमटली होती. पेढ्यांचा डबा हातात तसाच राहिला आणि ते बरं वाटणं तोंडात कडू झालं.

तो घरी आला तेव्हा गुंजन ओसरीवर उभी होती. हातात निळी फाईल. कपाटातली लुगडी तिनं खाटेवर काढून ठेवली होती.

"बाबा, मी नेऊन देऊ का तुम्ही जाता?"

खुशालनं तिच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. कंटाळलेली दिसत होती, मोठ्या माणसासारखी.

"तुले केव्हापासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून. कपाट मीच लावते घरातलं."

"मग बोलली काऊन नाही?"

"बोलाची सोय कुठं होती घरात?"

रुख्मा दाराआड उभी होती. तिनं त्याला चप्पल आणून दिली, इतकंच.

खुशाल त्याच दुपारी कैलाशला मोटारसायकलवर मागे बसवून समितीच्या कार्यालयात गेला. शपथपत्र केलं, मूळ कागद दाखवले. तिथल्या बाबूनं दाखल-खारीजची नक्कल चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाला, "हे आठ-दहा रोज आधी आणलं असतं तर काम झालं असतं." खुशाल भिंतीकडे पाहत राहिला. कैलाश म्हणाला, "सापडत नव्हतं, साहेब."

प्रमाणपत्र निघालं, पण तारीख टळून गेल्यावर. रोशनची पुण्याची सीट गेली. पुढच्या फेरीत त्याला अमरावती मिळालं. वाईट नव्हतं, पण पुणे नव्हतं.

मुर्रीत लोक विचारत, शहाण्णववाला पोरगा अमरावतीले काऊन गेला? कैलाश सगळ्यांना एकच उत्तर देई, "माह्याच हातानं उशीर झाला. आधी ध्यान नाही दिलं." खुशालचं नाव त्यानं कुठंच काढलं नाही. पानठेल्यावर नाही, सासरवाडीत नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. खुशाल ते कानोकानी ऐकत होता, आणि त्याला झोप लागेना. शिव्या आल्या असत्या तर त्यानं परत दिल्या असत्या. ह्याच्या बदल्यात मात्र त्याच्याकडे परत द्यायला काहीच नव्हतं. बोअरचं पाणी आणि पोराचे मार्क ठीक होते. आता ह्या माणसाच्या मनाचाही हेवा वाटायला लागला होता आणि त्याला काही औषध नव्हतं.

शेवटी धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो जवळच्या वाटेनं शेतावर निघाला. कैलाश बोअरजवळ पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या मोकळ्या करत होता. खुशाल बांधावर उभा राहिला.

"फाईल घरातच होती."

कैलाशनं मान वर केली नाही. "माहीत आहे. गुंजननं रोशनले सांगतलं होतं, तिसऱ्याच दिवशी."

"मग रोज येऊन कायले विचारत होता? तोंडावर बोलला काऊन नाही?"

"बोललो असतो तर तू दिली असती का?"

खुशालनं विचार केला. "नसती दिली."

"म्हणूनच नाही बोललो." कैलाशनं पेंढी पाण्यात आपटली, मुळांची माती झाडली. "मले राग नाही आला, असं नको समजू. रोज तुह्या दारातून वापस येताना वाटे, दगड घेऊन जावं. पण पोट्टं माह्यं होतं."

"मी चुकलो."

"हो," कैलाश म्हणाला. "चुकला." मग हात पुढे करून, "तिकडली पेंढी दे."

खुशालनं धोतर वर खोचलं, चिखलात उतरला आणि पेंढी दिली. बांधी संपेपर्यंत तो तिथंच होता.  त्या दिवसापासून कैलाश घरी येतो-जातो, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही; आणि रेणू रुख्माशी बोलते, खुशालशी कामापुरतं. ते तसंच राहील, हे खुशालनं मान्य केलं आहे.

दिवाळीला दोन्ही मुलं महाराष्ट्र एक्सप्रेसनं आली. रोशन बडनेऱ्याला चढला, गुंजन नागपूरला. दोघांचे बाप गोंदियाच्या फलाटावर शेजारी उभे होते. गाडी थांबली, मुलं उतरली, कुणाची बॅग कुणी घ्यायची यावरून हुज्जत घालत येऊ लागली. खुशालनं आधी गुंजनकडे पाहिलं. वाळली होती पोरगी. मग त्याची नजर न राहवून रोशनकडे वळली. रोशन चांगला भरला होता, गालही वर आले होते.

"अमरावतीची मेस चांगली आहे वाटते," खुशाल म्हणाला.

कैलाशनं त्याच्याकडे तिरप्या नजरेनं पाहिलं. "तुले तेबी दिसलं?"

"दिसते मले," खुशाल म्हणाला, आणि पुढे होऊन त्यानं रोशनच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली.