जावईबापूंची मध्यस्थी

माझ्या धाकट्या नणंदेच्या मालकांना परकं भांडण म्हणून काही असतं, हे शेवटपर्यंत कोणाला पटवून देता आलं नाही. भांडण आमच्या केदारखेड्यातल्या हापशावरचं असो की समुद्रापलीकडच्या कुठल्या देशातलं, ते आपल्याला न विचारता सुरू झालं याचा त्यांना आधी राग यायचा, आणि आपण मध्ये पडल्याशिवाय ते मिटायचं नाही याची मग खात्री पटायची. रेडिओवर बातम्या लागल्या की चपला काढून, टोपी सारखी करून, मांडी घालून बसत. कुठल्या दोन देशांची बोलणी फिसकटली असं कानावर आलं की असे हळहळत, की नव्या माणसाला वाटावं, यांच्याच पोरीची सोयरीक मोडली.

मूळचे ते आष्टीचे. माझ्या सासऱ्यांचा धाकट्या लेकीवर फार जीव, म्हणून त्यांनी तिला थोडी जमीन दिली आणि जावयाला गावातच ठेवून घेतलं. दुसरा एखादा घरजावई मान खाली घालून राहिला असता. यांनी उलट आख्ख्या गावाचं जावईपण स्वीकारलं. आमच्याकडं गावच्या जावयावर कोणी हात उचलत नाही, आणि तो दारात उभा राहिला तर चहा पाजल्याशिवाय त्याला जाऊ देत नाही. या दोन गोष्टींचा त्यांच्याइतका उपयोग आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केला नसेल. कुठं काठ्या निघाल्या की हे बराबर दोघांच्या मध्ये जाऊन उभे. मारणाऱ्याचा हात वरच्या वर थांबायचा, कारण जावयाला लागलं तर गावाची अब्रू जाणार. मग दोन्हीकडचे पुटपुटत मागं सरत आणि हे दोन्हीकडचा चहा पीत. अधिक महिन्यात तर घरोघरी त्यांच्या नावानं पुरणाचे धोंडे शिजत. तो महिना नणंदबाई चूल फक्त अंघोळीच्या पाण्यापुरती पेटवायची.

बायकांपुढं मात्र त्यांचं तेवढं चालत नसे. एकदा हापशावर दोघींची जुंपली. हे हात पसरून मध्ये गेले. दोघींनी हात उचलला नाही, बादल्या उचलल्या. जावईबापू डोक्यापासून पायापर्यंत चिंब. तशाच टोपीतून पाणी गाळत माझ्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "वहिनी, भांडण थंड झालं." मी म्हटलं, भांडण कसलं, तुम्ही झालात. पदरात तोंड खुपसून हसले. म्हणजे पदर त्यांनी नणंदेचा ओढला होता, ती टॉवेल घेऊन मागून आली होती.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे मतं घेणं. गावात हाटेल एकच, आणि त्याच्या मागच्या अंगाला पिठाची गिरणी. हाटेलात आम्ही बायका जात नसू, पण लाईट गेली की गिरणीचा पट्टा थांबायचा आणि हाटेलातलं सगळं राजकारण आमच्या डब्यांपर्यंत यायचं. जावईबापू बाकड्यावर उभे राहून जगातला कुठलाही प्रश्न टाकायचे आणि हात वर करायला लावायचे. जगाला त्याचा निकाल कळत नसे एवढंच. त्यांना मात्र आपलं काम झालं असं वाटायचं आणि ते भजी मागवायचे.

लंकेत आपली फौज जाणार ही बातमी आली तेव्हा मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीतच होते. लाईट गेलेली. ती बातमी मी सकाळपासून पोटात घेऊन हिंडत होते, कारण माझा थोरला, दत्ता, पलटणीत होता आणि त्याची पलटण मद्रासकडं निघाल्याचं कळलं होतं. हाटेलात जावईबापूंचा आवाज चढला होता. "तिथं एका घरातली दोघं भांडून राह्यली. मधी मोठ्या घरचा माणूस नको का? आपली फौज म्हंजे जावई. जावयावर कोण हात उचलतं? ज्याला वाटतं फौज जावी, त्यानं हात वर करावा."

सगळं हाटेल वर झालं. भजी तळणाऱ्यानं झाऱ्यासकट हात वर केला, त्याचं तेल पुढच्याच्या सदऱ्यावर सांडलं तरी त्या गड्यानं आपला हात खाली घेतला नाही. दत्ताच्या वडिलांच्या हातात चहाची बशी होती, म्हणून त्यांचा हात कुठल्याच बाजूनं धरला गेला नाही. आम्हा बायकांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. जावईबापूंना पाठीमागं मी दिसले. बाकड्यावरूनच म्हणाले, "घाबरू नका वहिनी. दत्ता लढायला न्हाई चाल्ला, सोडवायला चाल्ला. पोळ्याला घरी येतो बघा."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आख्खं गाव एका बाजूनं असलं की माणसाला बरंच वाटतं.

त्याच दिवसांत गावात दोन भावांचं विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं. विहीर एक, मोटार एक, आणि मोटारीचं बटण कोणी कधी दाबायचं यावरून रोजची हाणामारी. लंकेच्या बातमीनं जावईबापूंच्या अंगात वारं शिरलेलं. त्यांनी घरची बाज उचलली ती थेट विहिरीवर नेऊन टाकली, आणि दोघांची पाळी ठरवून देऊन स्वतः बटणाजवळ बसले. सुरुवातीला चैन होती. थोरल्याच्या घरून भाकरी-पिठलं यायचं, धाकट्याच्या घरून धपाटे. हे दोन्हीकडचं खाऊन दोन्हीकडं न्याय करायचे. आठ-पंधरा दिवसांत उठेन म्हणून गेलेले, पण उठलो की पुन्हा जुंपेल या भीतीनं उठेनात. थोरल्याला वाटू लागलं, हे धाकट्याला जास्त पाणी देतात. धाकट्याला वाटलं, थोरल्याचं पिठलं यांना जास्त आवडतं. थोरल्याकडून पिठलं यायचं थांबलं. मग धपाटेही थांबले. नणंदबाई डबा घेऊन विहिरीवर जायला लागली आणि जाता-येता मला म्हणायची, "वहिनी, ह्यांला आता पाणी दिसंना, नुस्तं बटण दिसतंय."

शेवटी दोघा भावांचं एकमत झालं. किती वर्षांनी झालं कोण जाणे. जावयावर हात उचलायचा नाही हे खरं, पण बाज उचलायला काय हरकत? एका दुपारी दोघांनी दोन बाजूंनी बाज उचलली, वर जावईबापू तसेच बसलेले, आणि गावातून मिरवत त्यांना दारात आणून ठेवलं. टोपी दिली, उपरणं दिलं, नारळ दिला. रीतीनं पाठवणी केली. बघायला आख्खं गाव लोटलं. जावईबापूंनीही मान सोडला नाही. बाजेवरूनच सगळ्यांना नमस्कार करत आले आणि म्हणाले, "बघा, दोघं एक झाले का न्हाई?" दोघं चारच दिवस एक होते. पुढं विहिरीवर पुन्हा तेच सुरू झालं.

तोवर पोळा होऊन गेला होता. दत्ता आला नाही. मग रेडिओवरच्या बातम्यांची तऱ्हा बदलली. ज्यांना सोडवायला आपली पोरं गेली होती, तेच त्यांच्यावर गोळ्या झाडत होते. पहिल्या दिवशी जावईबापू रेडिओशी भांडले. ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून सेल बदलून आणले. दुसऱ्या दिवशी बातम्या चपला पायात ठेवूनच ऐकल्या. तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळी रेडिओ घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागले. मी चहा ठेवायचे. आख्ख्या गावाचा चहा प्यालेला माणूस, पण समोर साय धरेपर्यंत कपाला हात लावायचा नाही. दत्ताची पत्रं लांबत चालली होती. बातम्या संपल्या की रेडिओ बंद करून म्हणायचे, "आज आपल्या पलटणीचं नाव न्हाई आलं, वहिनी." आणि जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

वर्ष उलटलं तसं हाटेलातलं वारंही फिरलं. मी गिरणीत होते आणि लाईट गेलेली, नेहमीसारखी. आतून एक आवाज आला, दुसऱ्याच्या घरात आपल्याला काय करायचं होतं? दुसरा म्हणाला, मी तवाच म्हणलं होतं. भजीवाला म्हणाला, बिलकुल, मीबी म्हणलं होतं. ज्याच्या सदऱ्यावर तेल सांडलं होतं, त्यालाही ते तेव्हाच पटलं नव्हतं म्हणे. सगळ्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. जावईबापू कोपऱ्यात बसले होते. ते उठले, पण बाकड्यावर चढले नाहीत. खाली उभे राहूनच त्यांनी हात वर केला.

"माझा हात वर व्हता," म्हणाले. "ह्याच हाटेलात व्हता. वहिनीचं पोरगं अजून तिकडं हाये. ते घरी येईस्तोवर मी खाली कसा घेऊ?"

 तेवढ्यात लाईट आली, गिरणी सुरू झाली, आणि मला माझं तोंड पिठाकडं वळवायला निमित्त मिळालं.

दत्ता आला. धडधाकट आला. नणंदबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, जावईबापूंनी हाटेलात सगळ्यांना भजी खाऊ घातली. नंतर थोड्याच वर्षांत नोकरी पुरी करून तो शेती करायला घरी राहिला. तेव्हा आमच्या ध्यानात आलं. डांबरी रस्त्यावर तो भराभर चालायचा, आणि वावराच्या बांधाशी आला की थांबायचा. नांगरलेल्या, भुसभुशीत मातीत त्याचं पाऊल पडेना. एवढा जवान गडी, बांधावर उभा राहून घामाघूम व्हायचा. गडी हसायला लागले. त्याच्या वडिलांनी रागावून बघितलं, मी देवाला नारळ बोलून बघितला. एकदा ओट्यावर त्यानं एवढंच सांगितलं, "तिकडं मातीत सुरुंग पुरलेले राहायचे. पुढचा जिथं पाय ठेवील, तिथंच मागच्यानं ठेवायचा." जावईबापू ऐकत होते. 

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू दारात हजर. "चल रं दत्ता, तुझं वावर बघायचं मला." बांधावर आले, चपला काढल्या आणि नांगरटीत उतरले. एकेक पाऊल चांगलं दाबून टाकत, तोंडानं रशिया-अमेरिकेची कडाक्याची चर्चा करत, मागं न बघता चालत राहिले. बांधावर दत्ता उभा, त्याच्या मागं मी. त्यानं बराच वेळ त्या पावलांकडं बघितलं आणि मग पहिल्यात पाय ठेवला. पुढं कितीतरी हंगाम असेच गेले. गावाला वाटलं, जावयाला नवं वेड लागलं, मुंग्या मोजत हिंडतो. यांनी कोणाला काही सांगितलं नाही. आख्ख्या जन्मात त्यांनी गुपचूप केलेली मध्यस्थी ही एवढीच.

फार पुढं अमेरिकेची फौज इराकात शिरली, तेव्हा हाटेलात टीव्ही आला होता आणि जावईबापू म्हातारे झाले होते. पोरांनी गंमत म्हणून त्यांना मतं घ्यायला लावली. ते म्हणाले, "घेतो. पन एक हाये. हात वर केला की ती फौज घरी येईस्तोवर खाली घ्यायचा न्हाई." पोरांनी हसत हात वर केले. कोणी या बाजूनं, कोणी त्या बाजूनं, कोणी दोन्ही बाजूंनी. तेवढ्यात चहा आला आणि सगळे हात कपांकडं गेले. जावईबापूंनी सगळ्यांकडं बघितलं. "एवढ्या जल्दी संपली का रं लढाई?" म्हणाले, आणि आपल्या चहावर फुंकर घालत बसले.

ते गेले त्यालाही आता बरेच दिवस झाले. नणंदबाई म्हणते, वर दोघंतिघं भांडत असतील, म्हणून घाईनं गेले. दत्ता आता सगळं वावर मोकळा हिंडतो, पेरतो, काढतो. फक्त नवी नांगरट झाली की पहिल्या दिवशी बांधावर थोडा थांबतो. मी भाकरी घेऊन गेलेली असते. चपला काढून मी पुढं उतरते. अमेरिकेचं मला काही कळत नाही, म्हणून हरभऱ्याच्या भावाचं बोलत चालते. आता माझं पाऊल लहान पडतं. एवढा उंच माणूस, पण मागनं तोही तेवढंच लहान टाकत येतो.