रोही हरभऱ्यात, नात तालात

मी चौथीतून शाळा सोडली, पण ढोलक सोडलं नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळात मी असेपर्यंत ढोलकाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. हे मी गर्वानं सांगतो, गर्वाचीच गोष्ट आहे. आता मनगटं धरली. ढोलक खुंटीला आहे, आणि घरात ते उतरवणारं कोणी नाही. मुलाला शिकवायला बसवलं होतं. तो चुकला की मी म्हणायचो, "चुकलं!" एक दिवस तो उठला तो उठलाच. आता ट्रॅक्टर चालवतो. मी आजही म्हणतो, चुकलं ते चुकलंच होतं.

आता भोंग्याचं सांगतो. हरभरा घाट्यावर आला, शेंगांत दाणे भरले, की रोही म्हणजे नीलगायी शेतात उतरतात. घोड्याएवढं जनावर, कळपानं येतं. त्यांना हाकलायला आजकाल जो तो शेतात भोंगा टांगतो. त्यात आपलाच आवाज भरायचा, तो दिवसभर ओरडत राहतो. मीही डोणगावच्या बाजारातून एक आणला आणि "हाड! हाड रे! हाऽऽड!" असा खणखणीत आवाज भरला. थोडे दिवस रोही फिरकले नाहीत. मग ओळखून गेले. भोंग्याच्या खांबाखालीच उभे राहून चरायला लागले.

शेजारच्या धुऱ्यावरचा, बांधापलीकडचा गडी म्हणाला, "काका, तुमचं घरात कोणी ऐकत नाही, रोही कायले ऐकन?"

माझी नात सातवीत आहे. तिनं कोणाला न विचारता भोंग्यातलं कार्ड बदललं. सकाळी मी शेतात गेलो तर लांबूनच पाय थांबले. कोणीतरी बेंबीच्या देठापासून गात होतं, आणि त्याच्याखाली असा ढोल, की टेकडीवरून धोंडे गडगडत यावेत आणि एकाही धोंड्यानं आपली जागा चुकू नये. रोही पार नाल्यापलीकडं.

"हे काय लावलं व माय?"

"रॉक हाये, आबा. जुनं. पप्पाच्या जन्माच्या आधीचं."

"कोणं शिकवलं तुले हे?"

"कोणी नाही. मोबाईलवर सापडलं."

"अन् हा म्हणते काय?"

"मलेबी सगळं नाही समजत. थोडं थोडं समजून राह्यलं."

रोह्यांना पुढंमागं त्याचीही सवय होईल. मला मात्र अजून झालेली नाही. एक गाणं आहे, त्यात आधी नुसत्या तारा वाजतात, बारीक, विहिरीत पाणी ठिबकावं तशा. गाणारा हळू बोलतो, जसा कोणी घरचंच दुःख सांगतो. मग सगळं थांबतं. श्वास घ्यावा एवढी जागा रिकामी राहते, आणि त्या रिकाम्या जागेतून ढोल आत येतो. अंगावर काटा आला माझ्या. जन्मभर वाजवलं मी, पण त्या वाजवणाऱ्यासमोर मी खाली बसलो असतो. कोण, कुठला माणूस, कदाचित मरूनही गेला असेल. आणि त्याचा हात आमच्या हरभऱ्यात वाजतो आहे!

काही दिवसांनी पाहतो तर पोरीनं शेतातल्या झोपडीत सामान मांडलेलं. तेलाचा रिकामा डबा, पालथं घमेलं, फवारणीची बादली, पायाखाली पत्र्याची पेटी. हातात तुरीच्या वाळल्या काड्या. मोडल्या की दुसऱ्या घ्यायची. दोन हात दोन कामं करत होते, टाच तिसरंच. मला दोन हात सांभाळता सांभाळता पंचविशी उलटली होती.

मला पाहिलं आणि तिनं काड्या खाली टाकल्या.

"आबा, तुम्ही ऐकता तं माह्यं चुकते. मी सांगीन तवा या."

"मी काय वाघ हाये?"

"तुमचं तोंड दिसते ना. चुकलं की तोंडच सांगते."

मी बोलून गेलो, "नाही येत, जा." आणि मी एकदा बोललो की बोललो.

पण एक दिवस तरीही जावं लागलं. दिवस कलला होता आणि भोंगा ऐकू येत नव्हता, म्हणून बॅटरी पाहायला निघालो. तुरीच्या ओळीपर्यंत आलो तर कळलं, भोंगा तिनंच बंद केला होता. गाण्याशिवाय, नुसतं मनातून वाजवत होती. तेच गाणं. त्या रिकाम्या जागेशी यायची आणि दर वेळी घाई करायची, ढोल आधीच घुसवायची. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा घाई. "दम खा" एवढंच सांगायचं होतं. दोन शब्द. माझ्या जिभेवर ते निखाऱ्यासारखे होते.

तेवढ्यात रोही आले. पुढं काळा नर, मागं कळप, सरळ घाट्यांत तोंडं. पोरीची पाठ तिकडं. एकदा "हाड!" म्हणालो असतो तर कळप पळाला असता, पण काड्याही खाली पडल्या असत्या आणि कदाचित कायमच्या. या शेतात मी हजर असताना जनावराला एक घाटा कधी खाऊ दिला नव्हता. मी तुरीत खाली बसलो. ओठ आवळून धरले. ते खात होते. कडकड आवाज मला ऐकू येत होता.

ती पुन्हा त्या जागेशी आली. काड्या वर गेल्या आणि तिथंच राहिल्या. रिकामं. सगळं रान रिकामं झाल्यासारखं वाटलं मला. आणि मग पेटीवर टाच पडली, डबा, घमेलं, बादली, सगळं मिळून, जिथं पडायला हवं तिथंच. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच नाही. कुठून येतं हे लेकरांत? जमिनीत दाणा टाकला की तो वर कसा येतो हे मला इतक्या वर्षांत समजलं नाही, तसंच हे. मी हात जोडले, कोणाला ते माहीत नाही.

रोही पोट भरून निघून गेले. ती बाहेर आली तेव्हा मी तुरीतून उठतच होतो.

"आबा! तुम्ही इथंच व्हते?"

"हाव."

"रोही नाही दिसले?"

"दिसले."

तिनं उजाड झालेल्या ओळी पाहिल्या. मग माझ्याकडं.

"मंग हाकलले काऊन नाही?"

मी धोतराची माती झटकत राहिलो. मग तिनं झोपडीतलं पोतं आणून धुऱ्यावर अंथरलं.

"बसा इथं. पण बोलाचं नाही."

मी बसलो.