ताईशेजारी आई

आई अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटी नववीत होती. बाबा टेम्पो घेऊन सकाळीच बाहेर पडायचे, ताई नुकतीच औषधांच्या दुकानात कामाला लागली होती. घरी कुणीतरी थांबायला हवं होतं. "दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे," बाबा म्हणाले. ते दोन-चार महिने काही संपले नाहीत, आणि शाळा सुटली ती सुटलीच.

आईचा डोळा लागला की धाकटी ताईच्या जुन्या, घरघरणाऱ्या कॉम्प्युटरपुढे बसायची. सिनेमातला माणूस एकीकडे, त्याच्यामागचा डोंगर भलतीकडे. दोन्ही एका चित्रात बेमालूम बसवायचे, याला कंपोझिटिंग म्हणतात, हे तिला एका व्हिडिओतून कळलं. मग तिनं नादच घेतला. केसांच्या कडा सोडवायच्या, उजेड जुळवायचा, सावली पाडायची. चुकलं की पुसायचं, पुन्हा करायचं. परीक्षक आई. जाग आली की उशीवरूनच डोळे बारीक करून म्हणायची, "खोटं दिसतंय गं. हा माणूस जमिनीवर उभाच नाही, टांगलाय नुसता!" दोघी हसायच्या. हसता हसता आईला खोकल्याची उबळ यायची.

धाकटीला एका स्टुडिओत काम मिळालं, त्याच महिन्यात आई गेली.

पुढे ताईचं लग्न झालं. व्हिडिओ हातात आला तशी ताई म्हणाली, "आईला उभं कर ना माझ्या शेजारी. तुला येतंय ते."

धाकटीनं आजारपणाआधीचं चित्रण शोधलं. मावशीच्या दारात आई हात बांधून उभी होती, हसत. तिनं कडा सोडवल्या, हॉलचा पिवळा उजेड आईच्या गालावर चढवला. एकेक फ्रेम पुढे सरकवताना आईची पापणी लवायची आणि धाकटीचा हात माउसवर तसाच थांबायचा.

ताई बघून ओक्साबोक्शी रडली. बाबांनी मात्र खुर्ची ओढली आणि तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला.

"कुठं चुकलं, बाबा?"

"चुकलं नाही गं. पण लेकीच्या लग्नात तुझी आई अशी हात बांधून उभी राहिली असती होय? हॉलभर धावत सुटली असती. एका जागी सापडली नसती तुला."

धाकटीनं मग घरातलं, नात्यातलं सगळं चित्रण धुंडाळलं. धावपळ करणारी आई कुठंच नव्हती. ती कामात असताना कुणी कॅमेरा धरलाच नव्हता.